गादीखालची शिळा: एका वारसाकथेच्या संपादनाचं प्रकरण

हे प्रकरण एका कथेचं आहे. ती कशी आली, कुठे अडली, कोणी काय सुचवलं आणि शेवटी काय छापलं गेलं, ते सगळं इथे मांडते. लेखिकेला विचारूनच लिहिते आहे. तिची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, कथेतली नावं बदलली आहेत आणि अंकाचं नाव घेतलेलं नाही. दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचणं आणि त्यांवर लेखकांबरोबर बसणं हे माझं काम. राजघराण्यातल्या भाऊबंदकीच्या अद्भुतकथा दरवर्षी येतात आणि बहुतेक एकाच जागी अडतात. ही कथा त्या जागेवरून पुढे गेली. ते कसं घडलं ते नव्याने लिहिणाऱ्यांना उपयोगी पडेल असं वाटतं.

## पार्श्वभूमी

जूनच्या सुरुवातीला कथा मेलवर आली. एकवीस हजार शब्दांची. लेखिका कृष्णाकाठच्या एका गावातली, माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवणारी. याआधी तिच्या दोन-तीन लघुकथा छापून आलेल्या, पण अद्भुतकथेचा हा पहिलाच प्रयत्न.

कथेतलं राज्य म्हणजे नीरगड. थोरल्या राजांना शेजारच्या बादशहाने मारलं, त्यांची राणी आणि आठ वर्षांचा मुलगा सोमराज कैदेत गेले. धाकट्या भावाने गादी सावरली, पण तोही लवकर वारला. त्याची विधवा रेवाबाई पंचविशीतली. लहानग्या मुलाला गादीवर बसवून ती स्वतः लढली आणि राज्य टिकवलं. अठरा वर्षांनी बादशहा मेला, सोमराज सुटून परत आला आणि त्याने गादी मागितली. रेवाबाई म्हणाली, हा सोमराज नव्हेच, हा तोतया आहे.

मराठी वाचकाला हे कुठून आलं ते सांगायला नको. संभाजी महाराजांना औरंगजेबाने 1689 च्या मार्चमध्ये ठार मारलं, त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई व शाहू मोगलांच्या छावणीत गेले. राजाराम महाराज 1700 मध्ये सिंहगडावर वारले. ताराबाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या. त्यांनी आपल्या लहान मुलाला गादीवर बसवलं आणि पुढची सात वर्षं औरंगजेबाला दख्खनमध्ये अडकवून ठेवलं. 1707 मध्ये तो मेला आणि शाहू सुटून आले. लेखिकेने नावं बदलली, गड बदलले, बादशहाच्या सैन्यात हत्तींच्या जागी दगडाचे रेडे घातले, पण सांगाडा हाच होता.

नीरगडात तिने एक अद्भुत गोष्ट ठेवली होती. गादीखाली एक काळी शिळा. खरा वारस गादीवर बसला की ती शिळा ऊबदार होते आणि दरबारात चंदनाचा वास पसरतो. तोतया बसला तर शिळा गार राहते. शेवटच्या प्रकरणात सोमराज गादीवर बसतो, वास पसरतो, रेवाबाई खाली मान घालते आणि कथा संपते.

## अडचण

पहिल्या वाचनात मला भाषा आवडली. गडावरच्या पाण्याच्या टाक्यांचं वर्णन, रेवाबाई मुलाला घोड्यावर पुढ्यात घेऊन रात्रीचा घाट उतरते तो प्रसंग, हे सगळं सुरेख होतं. पण शिळा तापली आणि वाचक म्हणून मी तिथेच थंडावले. वीस हजार शब्द दोन माणसं भांडली आणि निकाल एका दगडाने दिला. मग ती भांडली कशाला? पहिल्याच दिवशी दोघांना आळीपाळीने गादीवर बसवलं असतं तर लढाई टळली असती. हा प्रश्न कुठलंही शाळकरी पोर विचारील, आणि लेखिकेच्या वर्गातल्या पोरांनी तो विचारलाच होता, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

दुसरी अडचण अधिक खोल होती. शिळा सोमराजच्या बाजूने बोलली, म्हणजे रेवाबाई खोटी ठरली. जिने राज्य राखलं ती शेवटी सत्तेला हपापलेली बाई उरली. फोनवर मी हे बोलले तेव्हा लेखिका जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, मला ताराराणींना वाईट करायचंच नव्हतं हो. पण गोष्टीत कोणीतरी वाईट लागतंच ना?"

तिच्या या प्रश्नापाशी सगळी कथा अडलेली होती. वारसाच्या भांडणात कोणीतरी वाईट लागतंच, असं आपण धरून चालतो. पण ज्या भांडणांनी घराणी दुभंगली त्यांत दोन्ही बाजूंना धरायला काहीतरी खरं होतं. महाभारताचंच घ्या. धृतराष्ट्र थोरला, पण आंधळा म्हणून गादी धाकट्या पांडूला. मग थोरल्याचा मुलगा दुर्योधन वारस, की राजाचा मुलगा आणि वयानेही मोठा असलेला युधिष्ठिर? व्यासांनी हा पेच इतका घट्ट बांधला आहे की दुर्योधन दुष्ट नसता तरी तो सुटला नसता. 1707 चा पेचही तसाच. शाहू थोरल्या पातीचे, हे कोणीही नाकारलं नसतं. ताराबाईंचं म्हणणं वेगळं होतं: थोरल्या महाराजांचं राज्य संभाजीराजांच्या काळात गेलं, माझ्या नवऱ्याने ते पुन्हा उभं केलं, म्हणून ते आता आमच्या पातीचं. शेतजमिनीच्या वादात आजही हेच दोन आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आहे, माझा हिस्सा काढा. दुसरा म्हणतो, तू मुंबईला होतास, बांध मी घातला, विहीर मी खणली. दोघंही खरं बोलत असतात.

तिसरी अडचण साधी, पण छापखान्याच्या दृष्टीने सगळ्यांत मोठी. संपादकांनी या कथेसाठी जास्तीत जास्त नऊ हजार शब्दांची जागा ठेवली होती.

## समोरचे पर्याय

जूनच्या अखेरीला आम्ही तिघं बसलो. लेखिका, मी आणि आमचे एक जुने वाचक, ज्यांनी दिवाणी न्यायालयात तीसेक वर्षं वाटणीचे दावे चालवले आहेत. त्यांना आम्ही सगळे वकीलकाका म्हणतो. लेखिका एसटीने आली होती. पिशवीत छापील खर्डा, समासात लाल शाईने मुलांच्या शंका उतरवलेल्या.

पहिला पर्याय तिचाच होता. शिळा ठेवायची, पण फोडायची. म्हणजे रेवाबाई निकालाच्या आदल्या रात्री शिळा फोडते आणि खरं काय ते कधीच कळत नाही. मला हे आकर्षक वाटलं, पण वकीलकाका म्हणाले, "पुरावा नष्ट केला म्हणजे ती दोषी हे वाचक लगेच धरणार. न्यायाधीशही तेच धरतो." त्यांचं बरोबर होतं. शिळा फुटली तरी ती सोमराजच्याच बाजूने फुटली असती.

दुसरा पर्याय, जादू काढून टाकायची आणि सरळ ऐतिहासिक धाटणीची कथा करायची. लेखिकेला हे नको होतं आणि मलाही. ऐतिहासिक कथेत ताराबाई आणि शाहू यांच्याविषयी जे लिहायचं ते कागदपत्रांच्या धाकात लिहावं लागतं. अद्भुतकथेत एक गोष्ट जगाच्या नियमांपेक्षा वेगळी करायची मुभा असते, आणि त्या एका गोष्टीतून माणसं जास्त स्पष्ट दिसतात. ती मुभा सोडायची नव्हती.

तिसरा, वारशाचा कायदाच बदलायचा. त्रावणकोरात राजाची गादी मुलाकडे न जाता बहिणीच्या मुलाकडे जायची. नीरगडात असं काही केलं तर सोमराज आणि रेवाबाईचा मुलगा दोघंही बाद होतात आणि तिसराच कोणी पुढे येतो. यावर आम्ही तासभर बोललो. चांगली कथा झाली असती, पण ती वेगळी कथा होती. रेवाबाई तिच्यात कडेला गेली असती.

चौथा पर्याय बोलता बोलता निघाला. वकीलकाका म्हणाले, "वाटणीच्या दाव्यात पक्षकार सहसा खोटं बोलत नाहीत. खोटं बोलायची वेळ साक्षीदारावर येते. तुमच्या गोष्टीत साक्षीदार कुठे आहे?" लेखिकेने मान वर केली. तिला ताराबाईंची पुढची हकीकत माहीत होती. शाळेच्या पुस्तकात ती येत नाही, पण सातारकडच्या माणसांना असते.

ती हकीकत अशी. शाहू महाराजांना मुलगा नव्हता. त्यांच्या अखेरच्या काळात ताराबाईंनी सांगितलं की माझा एक नातू लपवून वाढवलेला आहे, रामराजा. डिसेंबर 1749 मध्ये शाहू वारले आणि पुढच्या जानेवारीत रामराजा सातारच्या गादीवर आला. तो खरा नातू आहे हे पटवण्यासाठी ताराबाईंनी सरदारांसमोर त्याच्याबरोबर जेवून त्या अन्नाची शपथ घेतली. पण गादीवर बसलेला नातू त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वागेना. पेशव्यांना बाजूला सारायला तो तयार नव्हता. नोव्हेंबर 1750 मध्ये त्यांनी त्याला सातारच्या किल्ल्यावर कैद केलं. आणि सप्टेंबर 1752 मध्ये जेजुरीला खंडोबाच्या देवळात पेशव्यांशी समेट करताना त्याच ताराबाईंनी शपथ घेऊन सांगितलं की रामराजा माझा नातू नव्हे, तोतया आहे.

पावणेतीन वर्षांच्या आत दोन शपथा. एकाच बाईच्या, एकाच मुलाविषयी, एकमेकींच्या विरुद्ध. बाई तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी शाहूंना ज्या शब्दाने तिने हिणवलं होतं, तोच शब्द आता स्वतःच्या नातवाला.

टेबलावर चहा निवत होता आणि आम्ही तिघंही गप्प होतो. वकीलकाकांनी एवढंच म्हटलं, "यातली एक तरी खोटी असणारच."

## काय केलं

त्या दिवशी पहिला निर्णय झाला: शिळा जाणार. तिच्या जागी शपथ येणार. नीरगडात शपथ दूधभातावर घेतात. ताराबाईंनी 1707 मध्ये सरदारांकडून अशीच दूधभातावर शपथ घेतली असं बखरींतून सांगितलं जातं, तेव्हा हे आपल्या मातीतलंच होतं. नियम असा: दूधभातावर खोटी शपथ घेणाऱ्याला शिक्षा होते, पण ती बाहेर कोणाला दिसत नाही. हात झडत नाही, जीभ लुळी पडत नाही. ज्याच्याविषयी खोटं बोललं त्याचा चेहरा शपथ घेणाऱ्याला पुन्हा कधी ओळखू येत नाही. एवढंच.

हा नियम लेखिकेचा. परतीच्या एसटीत तिला सुचला आणि तिने रात्री अकराला मेसेज केला. मी झोपेतून उठून वाचला आणि पुन्हा झोप लागली नाही. या नियमाने कथेतली सगळी ओझी जागच्या जागी बसली. खोटं बोलता येतं, पण त्याची किंमत बोलणाराच मोजतो, आणि मोजली की नाही हे फक्त त्यालाच ठाऊक. दरबाराला निकाल मिळत नाही. दरबाराने आपलं आपण ठरवायचं.

दुसरा निर्णय जागेच्या अडचणीतून आला. दोन्ही काळ नऊ हजार शब्दांत मावत नव्हते. एक बाजू अशी होती की सोमराजचं परत येणं हा मुख्य प्रसंग ठेवावा, कारण लढाई तिथे आहे. संपादकांचाही कल तिकडे होता. मी म्हणाले, म्हातारपणापासून सुरुवात करू. रेवाबाई आता आजी आहे, तिला 'आईसाहेब' म्हणतात, गुडघे दुखतात, आणि तिने लपवून वाढवलेला नातू शंभू उद्या दरबारात उभा राहणार आहे. सोमराजबरोबरची जुनी लढाई तिच्या आठवणीतून येईल, जितकी लागेल तितकीच. यावर आठवडाभर फोन झाले. शेवटी लेखिकेने दोन्हींची पहिली चार पानं लिहून पाठवली आणि वाचल्यावर वाद उरला नाही. म्हातारीच्या पानांत प्रत्येक वाक्याला वजन होतं.

एक गोष्ट इथे सांगते, कारण नवीन लिहिणारे ती सोडून देतात. तिने पहिल्या शपथेचा प्रसंग लिहिला तेव्हा त्यात भाषणं होती. दरबार, प्रधान, मानकरी, प्रत्येकाचा एकेक परिच्छेद. मी फक्त एक गोष्ट सुचवली: ताटावर लक्ष ठेव. कोणी वाढलं, भात गरम होता की निवलेला, आईसाहेबांना दात आहेत की नाहीत. आठ दिवसांनी आलेल्या मजकुरात हे होतं:

"भात निवला होता. आईसाहेबांनी तो बोटांनी कालवला, लहान मुलासाठी कालवतात तसा, एकही शीत अख्खं न ठेवता. पहिला घास शंभूच्या तोंडाशी नेला. त्याने तो घेतला तेव्हा तिच्या बोटांना त्याचे दात लागले. दुसरा घास तिने स्वतः घेतला आणि मग बोलली. तोंडात भात असताना बोललेलं दरबारात कोणालाच नीट ऐकू गेलं नाही, पण सगळ्यांनी माना हलवल्या."

या परिच्छेदात मी एक शब्दही बदलला नाही. सगळ्यांनी माना हलवल्या, कारण त्यांना हा वारस हवा होता. खरं-खोटं नंतर. दरबार नेहमी असाच असतो, आणि हे सांगायला तिला प्रधानांच्या भाषणांची गरज उरली नाही.

तिसरा निर्णय सगळ्यांत अवघड गेला. दुसरी शपथ झाली, आईसाहेब दरबारात म्हणाल्या की हा माझा नातू नव्हे. आता वाचकाला जाणून घ्यायचं आहे की कुठली शपथ खोटी होती. लेखिकेच्या खर्ड्यात दुसऱ्या दिवशी भर दरबारात शंभूला समोर आणतात, आईसाहेब त्याच्याकडे बघतात आणि विचारतात, "हा कोण?" दरबार हादरतो. म्हणजे दुसरी शपथ खोटी, म्हणजे शंभू खरा नातू. वाचताना अंगावर काटा आला. आणि तरी काहीतरी बोचत होतं.

ते काय होतं हे कळायला मला दोन दिवस लागले. शिळा मागच्या दाराने परत आली होती. दरबारासमोर म्हातारीने ओळखलं नाही, म्हणजे दरबाराला पुरावा मिळाला, म्हणजे जादूने पुन्हा निकाल दिला. मी फोन करून हे सांगितलं तेव्हा लेखिका पहिल्यांदा माझ्यावर चिडली. "मग वाचकाला कधी कळणारच नाही का? तो प्रसंग काढला तर गोष्टीत राहिलं काय?" तिचा राग रास्त होता. तो प्रसंगच कथेचा प्राण होता.

तोडगा तिनेच काढला. प्रसंग ठेवायचा, दरबार काढायचा. शंभू गडावरच्या कोठडीत आहे. रात्री पहारेकरी झोपल्यावर आईसाहेब स्वतः हातात दिवा घेऊन वर येतात. का येतात ते कथा सांगत नाही. दार उघडतात, दिवा वर धरतात, त्याच्या चेहऱ्याकडे पाहतात. बराच वेळ. मग विचारतात, "कोण रे बाळा तू? इथे का ठेवलंय तुला?"

आणि शंभूला कळतं की तो खराच तिचा नातू आहे. जगात हे ठाऊक असलेला तो एकटा. ज्या क्षणी त्याला त्याचा हक्क कळला, त्याच क्षणी त्याला ओळखणारं शेवटचं माणूस गेलं. तो हे कोणाला सांगू शकत नाही. कैद्याचं कोण ऐकणार? तो आजीला म्हणतो, "कोणी नाही, आईसाहेब. पाणी भरणाराचा मुलगा आहे." आणि तिचा हात धरून तिला पायऱ्या उतरवून देतो.

हे शेवटचं वाक्य मी फोनवर ऐकलं. ती वाचत होती आणि वाचता वाचता तिचा आवाज भरून आला. माझ्याकडे बोलायला शब्द नव्हते.

## निकाल

कथा आठ हजार नऊशे शब्दांत बसली. ऑगस्टच्या मध्यावर अंतिम मजकूर गेला, मुद्रितं दोनदा तपासली. दुसऱ्या खेपेला 'दूधभात' सगळीकडे 'दूध भात' असा सुटा पडलेला सापडला आणि तो जोडायला एक संध्याकाळ गेली.

अंक आल्यावर वाचकांची पत्रं आणि फोन आले. काहींना कथा फार आवडली. काहींनी विचारलं की आईसाहेब दिवा घेऊन वर का गेल्या. एका वाचकाचं म्हणणं होतं की तिला दुसरी शपथ मोडायची होती, नातवाला सोडवायचं होतं, आणि ओळखच पुसली गेल्याने ती ते विसरली. दुसऱ्याला वाटलं, ती केवळ खात्री करायला गेली की आपण खोटं बोललो तर काय होतं. लेखिकेने दोन्ही पत्रं मला पाठवली आणि विचारलं, यातलं खरं कुठलं? मी म्हणाले, तू लिहिलंस तेव्हा तुझ्या मनात काय होतं? ती म्हणाली, "गुडघे दुखत असताना ती एकशे चाळीस पायऱ्या चढली, एवढंच मनात होतं."

रेवाबाईविषयी कोणीही 'दुष्ट बाई' असं लिहिलं नाही. मला या प्रकरणात सगळ्यांत समाधान त्याचं वाटतं. तिने स्वतःच्या नातवाला कैदेत टाकलं, खोटी शपथ घेतली, आणि तरी वाचक तिच्या गुडघ्यांची चौकशी करत होते. लेखिकेला ताराराणींना वाईट करायचं नव्हतं. तिने त्यांना चांगलंही केलं नाही. त्या होत्या तशा मोठ्या ठेवल्या.

## आज काय वेगळं केलं असतं

कापाकापीत एक माणूस आमच्या हातून गेलं, आणि ते मला अजून सलतं.

पहिल्या खर्ड्यात सोमराजची आई होती. थोरली राणी. बादशहाच्या छावणीत मुलाला तिने वाढवलं आणि मुलगा सुटला तेव्हा ती ओलीस म्हणून मागे राहिली. खऱ्या इतिहासात येसूबाईंचं हेच झालं. शाहूंना 1707 मध्ये सोडलं, येसूबाईंना ठेवून घेतलं. त्या साताऱ्याला परत आल्या 1719 मध्ये, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतताना. कैदेत गेल्यापासून तीस वर्षांनी. गादीसाठी दिराची बायको आणि आपला मुलगा लढताहेत, घराणं दुभंगतंय, आणि ज्या बाईचा दोघांशी संबंध ती परक्या मुलखात ओलीस बसून हे ऐकते आहे. पहिल्या खर्ड्यात तिच्यावर तीन पानं होती. काही ठिकाणी कच्ची, पण तीन पानं. छापील कथेत ती दोन वाक्यांत उरली.

ते कापायला मी सांगितलं. कारण तेव्हा योग्य वाटलं होतं: कथा आजी आणि नातवाची झाली, थोरल्या राणीचं तिच्यात काम उरलं नाही. आज मला दिसतं की काम होतं. शपथेच्या नियमाची दुसरी बाजू तिच्यापाशी होती. जी बाई तीस वर्षांनी परत येते तिला घरचं कोण ओळखतं? खोटी शपथ न घेताही काळ चेहरे पुसतो. तिचा एक प्रसंग, अर्ध्या पानाचा का होईना, शेवटच्या दिव्याच्या प्रसंगाआधी आला असता, तर 'कोण रे बाळा तू' हे वाक्य दुप्पट जोराने लागलं असतं. शब्दमर्यादा होती, खरं आहे. पण संपादकांकडे आणखी पाचशे शब्द मागायला हवे होते. मी मागितलेच नाहीत. अंकात जागा नाही हे ऐकायची इतकी सवय झालेली असते की विचारणंच राहून जातं.

दुसरी गोष्ट शिळेची. पहिल्या भेटीतच मी ती काढायला सांगितली आणि ते योग्यच होतं, पण सांगण्याची पद्धत चुकली. मी 'हे चालणार नाही' म्हणाले. तिच्या वर्गातल्या मुलांनी तेच प्रश्न रूपात विचारलं होतं: बाई, मग पहिल्याच दिवशी त्यांना बसवून का नाही बघितलं? त्या प्रश्नापासून सुरुवात केली असती तर शिळा तिने स्वतःच, आठवडाभर आधी काढली असती. आता कोणतीही राजघराण्याची कथा आली की मी आधी हाच प्रश्न विचारते. यातला निकाल पहिल्या दिवशी का लागला नाही? लेखकाला उत्तर देता आलं तर कथा उभी आहे. नाही देता आलं तर कुठलीतरी शिळा, तलवार, भविष्यवाणी किंवा अंगावरची जन्मखूण लपून बसलेली असते आणि ती शोधायची.

तिसरं, वकीलकाकांना आम्ही एकदाच बोलावलं. खरं तर दुसऱ्या शपथेचा खर्डा त्यांना दाखवायला हवा होता. कोठडीचा प्रसंग छापून आल्यावर त्यांनी फोन केला आणि एकच प्रश्न विचारला: शंभूने 'पाणी भरणाराचा मुलगा' म्हटलं, ते आजीवरच्या मायेने, की आता तोही शिकला म्हणून? मी लेखिकेला विचारलं. तिने याचा विचार केला नव्हता. त्या एका प्रश्नावर शंभूचं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे, आणि आधी विचारला गेला असता तर कदाचित त्या ओळीत एखादा शब्द वेगळा पडला असता.

गेल्या महिन्यात लेखिकेचा मेल आला. सोबत सहा पानं. थोरली राणी तीस वर्षांनी नीरगडाच्या वेशीवर उभी आहे, पालखीचा पडदा सरकवते, आणि वेशीवरचा म्हातारा पहारेकरी तिला नाव विचारतो. ती नाव सांगत नाही. त्याच्या धाकट्या मुलीचं नाव घेते आणि विचारते, तिचं लग्न कुठे दिलंत.